बायका आणि एचआयव्ही : दार लोटून घेतल्यावर विचारले जाणारे प्रश्न

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मी काउन्सेलर आहे. आमच्या खोलीवर 'एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र' अशी पाटी आहे. ती वाचून आजवर कुणी आत आलेलं नाही. केसपेपरवर कुणीतरी 'आठ नंबर' लिहून देतं म्हणून बायका येतात, दार लोटून घेतात आणि पहिली पाच मिनिटं गुडघेदुखीबद्दल बोलतात. खालचे प्रश्न त्या पाच मिनिटांनंतरचे आहेत. माहिती सगळ्यांच्या उपयोगाची आहे, पण औषधांचं मात्र तुमच्या एआरटी सेंटरच्या, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात त्या केंद्राच्या डॉक्टरांनाच विचारा.

नवरा सोडून मी कुणाकडे मान वर करून पाहिलं नाही. मला कसा झाला?

बहुतेक वेळा नवऱ्याकडून. हे इतकं सरळ सांगायला मला पहिली दोन वर्षं जमत नव्हतं. "बरीच कारणं असतात ताई" असं काहीतरी गुळमुळीत बोलायची मी. कारणं असतातही : न तपासलेलं रक्त, दुसऱ्याला वापरलेली सुई, आईकडून बाळाला. पण आता रक्तपेढीतली प्रत्येक पिशवी तपासलेली असते, आणि मोठ्या माणसांना होणारी बहुतेक लागण ही शरीरसंबंधातूनच होते.

हे आता कळलंय असंही नाही. १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातल्या गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या बायकांची तपासणी झाली होती. त्यांतल्या ३९१ जणी वेश्याव्यवसाय न करणाऱ्या होत्या, बहुतेक लग्न झालेल्या आणि नवऱ्याशिवाय कुणाशी संबंध नसलेल्या. त्यांच्यातल्या १३.६ टक्के पॉझिटिव्ह निघाल्या. हा अभ्यास १९९७ साली छापून आला. ज्या बायकांना कुणी धोक्यातल्या समजतच नव्हतं, त्यांचा आकडा तेव्हा पहिल्यांदा ठळकपणे कागदावर आला.

तरीही पोस्टरवर आम्ही वर्षानुवर्षं लिहीत राहिलो, 'जोडीदाराशी एकनिष्ठ राहा'. ती राहिलेलीच असते. तिचा धोका तिच्या वागण्यावर ठरत नाही, तो नवऱ्याच्या लग्नाआधीच्या आणि नंतरच्या वागण्यावर ठरतो, आणि त्यातलं तिला काहीच ठाऊक नसतं. बऱ्याचदा त्यालाही आपल्याला लागण झाल्याचं ठाऊक नसतं. एचआयव्ही शरीरात आठ-दहा वर्षं काही लक्षण न दाखवता राहू शकतो. माणूस धडधाकट दिसतो, पोती उचलतो, यात्रेत कुस्ती खेळतो.

रिपोर्ट आधी माझा आला. सासरचे म्हणतात, हिनंच आणला.

या प्रश्नासाठीच खरं तर हे पान लिहायला घेतलं.

आपल्याकडे सरकारी दवाखान्यात गरोदर बाईचं नाव नोंदवलं की पहिल्याच तपासणीत रक्तगट, हिमोग्लोबिन, सिफिलिस आणि एचआयव्ही या चाचण्या होतात. व्यवस्था चांगली आहे, तिच्यामुळे हजारो बाळं वाचली आहेत. पण तिचा एक परिणाम असा की घरात सगळ्यात आधी सुनेचं रक्त तपासलं जातं. नवऱ्याच्या आयुष्यात अशी सक्तीची भेट कधी येतच नाही. त्याला ताप आला तर तो मेडिकलमधून गोळी आणतो. त्यामुळे कागद आधी तिचा होतो आणि दोषही आधी तिच्याच नावावर चढतो.

एक सासूबाई एकदा दोन्ही रिपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीतून घेऊन आल्या होत्या. दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि तारखेवर बोट ठेवलं. "हिची तारीख बघा, चौदा. माझ्या पोराची एकवीस. सात दिवस आधी हिला झालाय का नाही?" बाई लबाड नव्हती. तिनं कागद वाचला होता आणि त्यातून जो अर्थ निघतो असं तिला वाटलं तो काढला होता.

म्हणून नीट सांगते. रिपोर्टवरची तारीख ही रक्त घेतल्याची तारीख. लागण कधी झाली, कुणाकडून कुणाला झाली, हे त्या चाचणीत दिसतच नाही. चाचणी रक्तात विषाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं शोधते. ती दोन महिन्यांपूर्वीची आहेत की सात वर्षांपूर्वीची, हे पट्टीवरची रेघ सांगत नाही. घरातल्या कुणी हा हिशोब मांडला तर त्यांना सरळ आमच्या खोलीत घेऊन या, तुमची परवानगी असेल तर मी समजावते. त्या सासूबाईंना मी विचारलं, "तुमच्या पोरानं चौदा तारखेच्या आधी कधी रक्त तपासलं होतं?" त्या गप्प बसल्या. पटलं असं म्हणणार नाही. पण कागद घडी करून पिशवीत ठेवले, आणि सुनेला म्हणाल्या, "चल, एस्टी जाईल."

जमेल तिथे आम्ही नवरा-बायको दोघांचं रक्त एकाच दिवशी घेतो आणि रिपोर्टही एकाच वेळी देतो. तारखेचं भांडण निदान जन्माला येत नाही.

आणखी एक घडतं. नवरा आधी आजारी पडतो, जातो, आणि सून पांढऱ्या पायाची ठरते. त्याचं दुखणं काय होतं हे घरात दोघा-तिघांना ठाऊक असतं, पण तिला ते तेराव्यानंतर कळतं.

बाईला पुरुषापेक्षा लवकर लागतो हे खरं आहे का?

हो. पुरुषाकडून बाईला लागण होण्याची शक्यता बाईकडून पुरुषाला होण्यापेक्षा साधारण दुप्पट धरतात. योनीच्या आतलं अस्तर मोठं आणि नाजूक असतं, वीर्य आत बराच वेळ राहतं आणि वीर्यात विषाणूचं प्रमाण जास्त असतं. कोवळ्या वयात गर्भाशयाच्या तोंडाचा भाग पुरता तयार झालेला नसतो, म्हणून सोळा-सतराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या मुलीला धोका आणखी वाढतो. बालविवाहाविरुद्ध बोलताना हे कारण फारसं कुणी सांगत नाही. बळजबरीच्या संबंधात आत बारीक जखमा होतात, त्यातूनही विषाणूला वाट मिळते.

दुसरं, गुप्तरोग असेल तर एचआयव्ही लागायची शक्यता कैक पटींनी वाढते. पुरुषाला जखम दिसते, बाईला आत असते. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोटात दुखतं, लघवीला जळजळतं, आणि बाई ते अंगावर काढते. "सगळ्याच बायकांना असतं" असं आई सांगते, जाऊ सांगते. थोडं पांढरं जाणं नेहमीचं असतं हेही खरं. पण त्याला वास असेल, रंग बदलला असेल, खाज असेल तर सरकारी दवाखान्यातल्या 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये दाखवा. औषध फुकट मिळतं. नवऱ्यालाही त्याच वेळी औषध द्यावं लागतं, नाहीतर तुमचं बरं झालेलं त्याच्याकडून परत येतं.

नवरा मुंबईला / गाडीवर असतो. मी घाबरायला पाहिजे का?

मुंबईला जाणं म्हणजे आजार घेऊन येणं, असं मी कधीच म्हणणार नाही. माझे स्वतःचे वडील माथाडीत होते. गावकीच्या खोलीत पाळीपाळीनं झोपायचे, आणि वर्षातून यात्रेला, गणपतीला नि दिवाळीला घरी. सातारा-सांगलीची कितीतरी गावं याच हिशोबावर जगली. धोका तयार होतो तो माणूस महिनोन् महिने एकटा राहतो, हातात रोख पैसा असतो आणि ओळखीचं कुणी बघत नसतं तेव्हा. ट्रकवर, बांधकामावर, बंदरावर सगळीकडे तसंच. म्हणून घाबरू नका, विचारा. तो सुट्टीवर आला की दोघांनी एकदा तपासून घ्या.

ऊसतोडीचं गणित वेगळं. तिथे नवरा-बायकोचा मिळून एक कोयता असतो, दोघं बरोबरच जातात. पण सहा महिने पालात राहणं, दवाखाना लांब, गरोदर बाईची नोंद गावाकडे राहिलेली आणि ती कारखान्याच्या पट्ट्यात. पॉझिटिव्ह असाल तर निघण्याआधी एआरटी सेंटरला सांगा. तब्येत स्थिर असलेल्यांना एका वेळी जास्त महिन्यांच्या गोळ्या देतात, किंवा जिथे जाताय तिथल्या सेंटरला नाव जोडून देतात. दिवाळीनंतर टोळी निघते तेव्हा आमच्याकडे गर्दी असते ती याचीच.

निरोध वापरा म्हणता. नवऱ्याला सांगायचं कसं?

प्रामाणिकपणे सांगते, याचं पक्कं उत्तर माझ्याकडे नाही.

आपल्याकडे निरोध ओळखला गेला तो पाळणा लांबवायचं साधन म्हणून. महाराष्ट्रातल्या साधारण निम्म्या लग्न झालेल्या बायकांचं ऑपरेशन झालेलं असतं, तेही बहुतेकींचं तिशीच्या आत. एकदा ऑपरेशन झालं की घरात निरोधाला कारणच उरत नाही. मग बाईनं तो पुढे केला की दोनच अर्थ निघतात : तुझा माझ्यावर विश्वास नाही, किंवा तुझंच बाहेर काही आहे. दोन्हीकडून मार तिलाच.

आणि इथेच एक उलटी गोष्ट पाहायला मिळते. सांगलीच्या गोकुळनगरातल्या वेश्याव्यवसाय करणाऱ्या बायका १९९६ साली 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' म्हणून एकत्र आल्या. 'संग्राम' ही संस्था तिथे १९९२ पासून काम करत होती. त्या बायकांनी आपसांत ठरवलं की निरोधाशिवाय गिऱ्हाईक घ्यायचं नाही. एकीनं नाही म्हटलं की शेजारचीनंही नाही म्हणायचं. म्हणजे गाव जिला नावं ठेवतं ती बाई पुरुषाला अट घालू शकत होती, आणि गरती बाईला ते तोंडातून काढता येत नव्हतं. (त्यांच्याही घरात ही अट ढिली पडते ती 'मालका'पाशी, म्हणजे ज्याच्यावर जीव आहे त्या कायमच्या माणसापाशी. जिथे नवरा म्हणून कुणी आला तिथे निरोध बाजूला पडला, हे दोन्हीकडे सारखंच.)

जिथे थोडं बोलता येतं तिथे काही वाटा चालतात. "डॉक्टरांनी सांगितलंय, अंगावरून जातंय, तीन महिने वापरायचा आहे" हे खरं असेल तेव्हा सांगा; दोष कुणावरच येत नाही. नवऱ्याला सोबत आणलंत तर आमच्याकडे लाकडी मॉडेल आहे, पुरुषांना आमचे लॅबवाले भाऊ दाखवतात. बायकांनी वापरायचा कंडोमही असतो, पण आमच्या भागात तो मिळणं कठीण आणि तो नवऱ्याच्या लक्षात न येता वापरता येत नाही. आणि जिथे नाही म्हटल्यावर हात उगारला जातो, तिथे मी निरोधाची पाकिटं देत बसत नाही. तिथे आधी तुमच्या सुरक्षिततेचं बोलू.

हा आजार 'तसल्या' बायकांनीच पसरवला ना?

नाही. भारतात एचआयव्ही पहिल्यांदा सापडला तो १९८६ साली चेन्नईत, वेश्याव्यवसायातल्या बायकांच्या रक्तात. त्यांचं रक्त तपासलं म्हणून त्यांच्यात सापडला. गरोदर सुनेचं जे होतं तेच झालं : जिचं रक्त आधी तपासलं, तिच्या नावावर रोग बसला. त्यांना तो देऊन गेलेली गिऱ्हाइकं कुणी मोजली नाहीत. कामाठीपुरा आणि बुधवार पेठेची नावं सगळ्यांना पाठ आहेत. तिथे जाणाऱ्यांची गावं कुणाला सांगता येतात का बघा.

तपासणीला काय करतात? गावात कळेल का?

बोटातून किंवा हातातून थोडं रक्त घेतात, पैसे लागत नाहीत. पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली तर वेगवेगळ्या किटनं आणखी दोनदा खात्री करतात, मगच पॉझिटिव्ह सांगतात. लागण नुकतीच झाली असेल तर चाचणीत दिसायला काही आठवडे लागतात, म्हणून शंका असेल तर तीन महिन्यांनी परत करायला सांगतो. रिपोर्ट तुमच्याच हातात देतात. गावच्या दवाखान्यात यायचं नसेल तर दुसऱ्या तालुक्यात जा, कुणी अडवत नाही. नुसतं बोलायचं असेल तर १०९७ हा राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा फुकट नंबर आहे.

माझा रिपोर्ट नवऱ्याला किंवा सासूला सांगाल का?

सासूला, दिराला, सरपंचाला, कुणालाही नाही. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध आणि नियंत्रण) कायदा २०१७ सालचा आहे आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार तुमच्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि रिपोर्ट उघड करता येत नाही.

नवऱ्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. जोडीदाराला लागण होण्याचा मोठा धोका असेल तर डॉक्टर किंवा काउन्सेलर तुम्हाला आधी समजावून, तुम्हाला सांगून, मग त्याला समोरासमोर सांगू शकतात. पण त्याच कलमात बायकांसाठी मुद्दाम एक गोष्ट लिहिलेली आहे : सांगितल्यानं मारहाण होईल, घराबाहेर काढतील, तुमच्या किंवा मुलांच्या जिवाला धोका होईल अशी रास्त भीती असेल तर सांगायचं नाही. कायदा लिहिणाऱ्या कुणीतरी अशा घरांचा विचार केला होता हे वाचून मला तेव्हा बरं वाटलं होतं. म्हणून तुमची भीती आम्हाला मोकळेपणानं सांगा. ती सांगितली नाही तर आम्हाला कळणार कशी?

गरोदर आहे आणि पॉझिटिव्ह निघाले. मूल पाडावं लागेल का?

नाही. सगळ्यात जास्त वेळ मी याच उत्तराला देते, कारण ते ऐकेपर्यंत बाई बाकी काही ऐकत नाही.

काहीच उपचार केले नाहीत तर आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. वेळेवर गोळ्या घेतल्या तर ती ५ टक्क्यांच्या खाली येते, विषाणू पुरता दाबला गेला असेल तर त्याहूनही बरीच खाली. म्हणून रिपोर्ट आला त्याच आठवड्यात गोळ्या सुरू करतात आणि त्या पुढे जन्मभर चालू ठेवायच्या असतात. हल्ली एकाच गोळीत तीन औषधं असतात : टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅविर. दिवसातून एकदा.

इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. गरोदरपणात लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्याही चालू असतात. रिकाम्या पोटी सगळ्या एकदम घेतल्या तर डोल्युटेग्रॅविर अंगी नीट लागत नाही. म्हणून ती लोह-कॅल्शियमच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्या. एकत्रच घ्यायच्या असतील तर भरल्या पोटी. आशाताई लोहाच्या गोळ्या देतात आणि एआरटीवाले त्यांच्या देतात. दोघांची गाठ पडत नाही, म्हणून हे सांगायचं राहून जातं.

बाळंतपण दवाखान्यातच करा. पॉझिटिव्ह आहे म्हणून सिझर करावंच लागतं असं नाही. बाळाला जन्मल्यापासून निदान सहा आठवडे औषधाचे थेंब देतात. सहा आठवड्यांनी त्याच्या टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेऊन पहिली तपासणी, मग सहाव्या आणि बाराव्या महिन्यात. अठराव्या महिन्यात खात्रीची चाचणी होते. त्याआधी साधी चाचणी केली तर आईची प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात दिसतात आणि उगाच पॉझिटिव्ह येते. त्या दीड वर्षात बाईची झोप उडालेली असते, ते मी पाहते.

दूध अंगावरचंच पाजा, पहिले सहा महिने फक्त तेच. पाणी नाही, मध नाही, साखरपाणी नाही, आणि आजीला कितीही वाईट वाटलं तरी बाळगुटी नाही. अंगावरचं आणि वरचं असं मिसळून दिलं की बाळाच्या आतड्याचं अस्तर दुखावतं आणि लागण होण्याचा धोका वाढतो. आजीला कारण सांगता येत नसेल तर "डॉक्टरांनी नाही सांगितलंय" एवढंच सांगा. बाळंतविड्याच्या सामानातून गुटीची पिशवी तुम्ही स्वतःच उचलून ठेवा.

घरात कुणाला माहीत नाही. गोळ्या कुठे ठेवू?

बायकांनी शोधलेल्या जागा मी शिकत आले. तांदळाच्या डब्याच्या तळाशी. शिवणकामाच्या पेटीत बॉबिनखाली. एकीनं बाटलीवरचं लेबल गरम पाण्यात भिजवून काढलं होतं आणि आत कापूस कोंबला होता, कारण तीस गोळ्यांची बाटली हलली की खुळखुळते आणि सासूचे कान तिखट. कापूस कोरडा असू द्या, बाटलीचं झाकण घट्ट लावा, आणि तीत असलेली ओल शोषणारी पुडी काढू नका. गोळी चुलीजवळ किंवा मोरीजवळ ठेवू नका.

वेळ अशी निवडा की कुणी विचारणार नाही. रात्री सगळ्यांची ताटं उचलल्यावर, किंवा पहाटे पाणी भरताना. विसरलात तर आठवल्याबरोबर घ्या, दोन गोळ्या एकदम नको. सहा महिन्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण तपासतात. तो न सापडण्याइतका खाली गेला आणि तसाच राहिला तर संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. काही बायका हे दोनदा विचारून खात्री करून घेतात.

पण लपवणं थकवणारं असतं. घरात किंवा माहेरी एकच माणूस शोधा, जिला सांगता येईल. बहुतेकींच्या बाबतीत ती थोरली बहीण निघते.

नवरा गेला. सासरचे म्हणतात, माहेरी जा, हिस्सा मिळणार नाही.

मिळणार. नवऱ्यानं मृत्युपत्र केलेलं नसेल तर हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे बायको ही मुलं आणि सासूसारखीच पहिल्या वर्गातली वारस असते. याच कायद्याचं कलम २८ सांगतं की कुठल्याही आजारामुळे किंवा व्यंगामुळे वारसाहक्क जात नाही. 'हिला रोग आहे, हिला कशाला जमीन' या बोलण्याला त्यामुळे काडीचा आधार नाही. राहत्या घरातून काढत असतील तर कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ लागू होतो. घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी तिथे राहण्याचा हक्क मागता येतो. त्यासाठी तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याला भेटा.

आता व्यवहाराचं बोलते. मयताचा दाखला स्वतः काढा आणि दोन-चार प्रती जवळ ठेवा. तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज करा, नंतर सातबाऱ्याचा उतारा काढून स्वतःचं आणि मुलांचं नाव आलंय का बघा. दिवस घालायच्या आधी कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही-अंगठा करू नका. 'हक्कसोड' हा शब्द दिसला की थांबा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील बायकांना फुकट मिळतो. कोर्टाला वेळ लागतो हे खरं, पण सातबाऱ्यावर नाव असलं की घरातली बोलण्याची पट्टी बदलते.

पैशाचं म्हणाल तर संजय गांधी निराधार योजनेत विधवा आणि एचआयव्हीग्रस्त दोन्ही बसतात, आणि मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. अर्जावर आजाराचं नाव लिहायचं नसेल तर विधवा म्हणून अर्ज करा.

लग्नाआधी मुलाचा रिपोर्ट मागावा का?

मागा, आणि मुलीचाही द्या. छत्तीस गुण जुळवायला आपण ब्राह्मणाकडे जातो, त्यात हा एक गुण वाढवायला काय हरकत आहे? सक्ती मात्र कुणावर करता येत नाही. आणि निगेटिव्ह रिपोर्ट हा त्या दिवसापुरता असतो, जन्मभराचा दाखला म्हणून तो फ्रेम करून ठेवू नका. दोघं पॉझिटिव्ह असलेल्यांची, किंवा एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह अशांची लग्नंही होतात. आमच्या ओळखीत झाली आहेत, मुलं निगेटिव्ह आहेत.

बळजबरी झाली तर काय करायचं?

लगेच सरकारी दवाखाना गाठा. लागण टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितक्या लवकर तितकं चांगलं, आणि २८ दिवस घ्यावी लागतात. तक्रार द्यायची की नाही हे ठरेपर्यंत उपचार अडवून ठेवता येत नाहीत.

आणखी कुठल्या तपासण्या करायच्या?

गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. एचआयव्ही असलेल्या बाईला तो होण्याची शक्यता साधारण सहापट असते, आणि वेळेवर सापडला तर तो टाळता येतो. वर्षं पंचवीस झाली की दर तीन ते पाच वर्षांनी तपासा. दवाखान्यात व्हिनेगरसारखं पाणी लावून दोन मिनिटांत बघतात. दुखत नाही, लाज वाटते एवढंच. टीबीचीही लक्षणं सांगत चला : दोन आठवड्यांचा खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं.

एका ताटात जेवलं, डास चावला, कपडे एकत्र धुतले तर?

नाही. नाही. नाही. पॉझिटिव्ह माणसाचा संडास वेगळा बांधू नका.

आता एड्स संपत आला म्हणतात ना?

कमी झालाय. देशात नव्या लागणी २०१० च्या तुलनेत २०२३ पर्यंत ४४ टक्क्यांनी घटल्या. २००४ पासून एआरटी फुकट मिळते, २०१७ पासून पॉझिटिव्ह निघालेल्या प्रत्येकाला लगेच सुरू होते. पण देशात अजून पंचवीस लाखांच्या आसपास लोक एचआयव्हीसह जगतात, त्यांतल्या साधारण ४४ टक्के बायका-मुली आहेत, आणि राज्यांमध्ये सगळ्यात मोठा आकडा महाराष्ट्राचा, चार लाखांच्या आसपास. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) एचआयव्हीबद्दल नीट, पूर्ण माहिती असलेल्या बायका २१.६ टक्के निघाल्या, पुरुष ३०.७. म्हणजे ज्याच्याकडून घरात येण्याची शक्यता जास्त त्यालाही धड माहीत नाही, आणि जिला लागतो तिला त्याहून कमी.

नवरा तपासायला येत नाही. शुगर तपासायचीय म्हणून आणू का?

हा प्रश्न आठवड्याला एकदा तरी येतो, आणि विचारणारी हसत विचारते. नका आणू. फसवून घेतलेलं रक्त कायद्यात बसत नाही. शिवाय रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर त्या फसवणुकीचा राग तुमच्यावरच निघेल. त्याऐवजी माझ्याकडून चिठ्ठी न्या. त्यात एवढंच लिहिते की बाळाच्या आरोग्यासाठी वडिलांनाही भेटायचं आहे, कोणत्याही मंगळवारी किंवा शुक्रवारी, दुपारी दोनच्या आत. आजाराचं नाव नसतं. निम्मे येत नाहीत. जे येतात ते आधी गेटाबाहेरच्या टपरीवर अर्धा तास घालवतात, खिडकीतून मला दिसतात. मी चहाला माणूस पाठवत नाही. तेवढा वेळ त्यांना लागतो.